कुल्फीच्या पेटीतली पानं

मोर्शीकडच्या दोन-तीन गावांत मॅडमना आजही "कुल्फीवाली बाई" म्हणतात, आणि यात त्या गावांची काहीच चूक नाही. मोपेडच्या मागे कुल्फीवाल्याची लाकडी पेटी बांधून, साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट चढवून कोणी बाई भर दुपारी गावात शिरली तर पोट्टे मागे धावणारच ना. मॅडम थांबायच्या. पेटी उघडायच्या. आत बर्फ, आणि बर्फात पुड्यांमध्ये बांधलेली झाडाची पानं. पोट्ट्यांचे चेहरे असे पडायचे की बघवायचं नाही. एक जण तर रडवेला होऊन म्हणाला, "हे काय वो, पालाच हाय!" मॅडमनी एक पान चुरगळून त्याच्या नाकाशी धरलं.

"हुंग. कशाचं हाय?"

"संत्र्याचं."

"आजूक हुंग."

"निंबूचं?"

"जंबेरीचं. तुह्या बापाच्या बगिच्यात संत्रा उभा हाय ना, तो याच्या पायावर उभा हाय. जा, घरी सांग."

आणि मोपेड सुरू. ती मोपेड माझ्या बाबांची. मॅडम अकोल्याहून एसटीनं यायच्या, पेटी मांडीवर घेऊन, आणि शेजारी बसणाऱ्याची पँट अमरावती यायच्या आत ओली झालेली असायची. एका कंडक्टरनं पेटीचं लगेज-तिकीट फाडायला घेतलं तर म्हणाल्या, "फाड ना भाऊ. पण लवकर फाड, बर्फ वितळून राह्यला."

थांबा, मी फारच मधून सुरू केलं. मॅडम अकोल्याच्या एका लॅबमध्ये संत्र्याच्या खुंटावर काम करायच्या आणि मी त्यांची मदतनीस. आमच्या भागातलं संत्र्याचं झाड म्हणजे खरं तर दोन झाडं असतात, वर संत्रा आणि खाली जमिनीत जंबेरी, लिंबाचीच एक जात; या खालच्या झाडाला खुंट म्हणतात. जंबेरीच्या रोपाला चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला कोंब, बसवतात, बांधतात, मग डोळा फुटतो आणि वर संत्रा वाढतो. आमची गावाला अशा कलमांची नर्सरी आहे. आता या जंबेरीला एक रोग लागतो, डिंक्या. बुडाशी सालीतून डिंक गळायला लागतो, मुळं सडतात, पानं पिवळी पडतात आणि दोन-तीन वर्षांत उभं झाड वाळून लाकूड होतं. मॅडमना डिंक्याला दाद न देणारा खुंट तयार करायचा होता. फवारणी नको, औषध नको, मुळातच दणकट झाड. एवढं एकच वेड होतं त्यांना. बाकी सगळी वेडं या वेडाची लेकरं.

उदाहरणार्थ, पेन चालायचं नाही. झाडाला बांधायच्या पट्टीवर, वहीत, डब्यावर, सगळीकडे पेन्सिल. "शाई उन्हात पळून जाते, शिस रायते." एकदा पीएच.डी. करणाऱ्या एका सरांनी लेबलांवर पेन चालवलं तर त्यांचं पेन खिडकीतून बाहेर गेलं. सर पण जवळजवळ मागोमाग गेले.

उदाहरणार्थ, आमचं पीसीआरचं मशीन. पानातून डीएनए काढायचा आणि त्यातला हवा तो तुकडा या मशीनमध्ये लाखो पटीनं वाढवायचा, दोन घंटे लागतात. मध्येच लाइट गेली की सगळं वाया. म्हणून मशीन लावायच्या आधी मॅडम आमच्या फीडरच्या वायरमनला फोन करायच्या. "भाऊ, मी बोलून राह्यली. आता लावतो मशीन. दोन घंटे काही बी झालं तरी लाइन बंद करू नोको. पोरीचं लग्न ठरलं का? ठरलं? बरं झालं. दोन घंटे, हां." त्या वायरमनच्या पोरीचं लग्न मॅडमना माहीत, आणि माझं आडनाव आठ महिने माहीत नव्हतं! मी जेवले का, राहते कुठे, काही नाही. रोपांचे नंबर मात्र शेकड्यानं पाठ.

आणि घाई केलेली खपायची नाही. मी तर जन्मजात घाईची. रिझल्ट कधी, रोप मोठं कधी होणार. मॅडमचं उत्तर ठरलेलं: "घाई असन तं मेथी पेर."

डीएनएमधला मार्कर म्हणजे काय हे मला तीन वर्षांच्या लेक्चरांत कळलं नव्हतं, ते मॅडमनी चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगितलं. म्हणाल्या, "लग्नात हजार मानूस हाय. तुले त्यातून एका घरान्यातले लोक शोधाचे हायेत, जे आजारी पडत नाईत. तोंडावर काही लिहेल नाई. पण त्या घरान्यात ज्याची तब्येत दणकट, त्याच्या कानामागं तीळ. मंग तू काय पाहशीन? एकेकाले आजारी पाडशीन, का कान पाहशीन?"

"कान."

"तीळ म्हंजे तब्येत नव्हे. पण तीळ अन् तब्येत संगसंग फिरते. तो तीळ म्हंजे मार्कर. चल, चहा सांडून राह्यली तू."

म्हणजे झाड मोठं व्हायची, आजारी पडायची, मरायची वाट पाहायला नको. चार पानांचं रोप असतानाच एक पान घ्या, तीळ बघा, ठेवायचं की नाही ते ठरवा. मला इतकं भारी वाटलं की मी संध्याकाळी आईला फोन करून पूर्ण लग्न परत सांगितलं. आई म्हणाली, "तुह्या लग्नाचं बोल." आईचं माझ्याबद्दलचं गणित वेगळं होतं. तिला वाटायचं, मी अमरावतीला क्लास लावून एमपीएससी करावी. लावलाही होता क्लास. तीन महिन्यांत सोडला, आणि त्याला कारण मॅडमच.

कारण मी मॅडमना पहिल्यांदा पाहिलं ते लॅबमध्ये नाही. मोर्शीजवळच्या एका बगिच्यात पाहिलं. तो अख्खा बगिचा डिंक्यानं गेला होता आणि कलमं होती आमच्या नर्सरीची. शेतकरीभाऊ झाडं तोडत होते आणि तोडता तोडता बाबांना बोलत होते. "तुमच्या भरोशावर लावलं ना मी. बारा वर्षं पोरासारखं वाढवलं." बाबा मान खाली घालून उभे. मी क्लासची सुट्टी म्हणून सोबत गेले होते, आणि माझ्या बाबांना कोणी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. बाबांनी कलमात कधी खोट केली नाही. पण आमची कलमं दुसऱ्याच्या शेतात मरतात, हे त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

सगळ्या वाळलेल्या ओळींमध्ये एकच झाड हिरवं होतं. संत्र्याचं नाही. वरचा संत्रा कधीच मेला होता, खालचा खुंट फुटून वर आला होता, काटेरी, वेडावाकडा, आंबट फळांनी भरलेला. भाऊ कुऱ्हाड घेऊन त्याच्याकडे वळले, तर त्याच्या बुडाशी शर्ट घातलेली एक बाई मांडी घालून बसलेली.

"बाई, उठा. लागन."

"थांब भाऊ, खाऊ दे." आणि त्या खरंच त्या झाडाचं फळ सोलून खात होत्या. त्या फळाच्या नुसत्या वासानं माझे दात आंबले. त्यांचा चेहरा मख्ख. एक खाल्लं, दुसरं घेतलं.

"बाई, हे डुकरं बी खात नाईत."

"मंग तुले काहून पायजे? मले दे."

"अन् जागा अडते त्याची?"

"एका झाडाची जागा. तुह्या बांधावर बाभूळ उभी हाय तिले इचारलं का कधी?" मग उठल्या, आणि बाबांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अन् यायले बोलू नोको. कलम चांगलंच होतं. आपल्यापाशी खुंटच असा हाय, ते हे काय करतीन? सगळे मेले, हा एकटा काहून नाई मेला, हे मले पाहू दे."

झाड राहिलं. मॅडम त्याच्या पानांची पुडी बर्फात घालून निघून गेल्या. त्या दिवशी घरी आल्यावर दारात चपला काढताना बाबा म्हणाले, "हुशार बाई हाय." मी महिन्याभरात क्लास सोडला, बी.एस्सी.ला नाव घातलं आणि ती संपल्यावर, साडेतीन वर्षांनी, अकोल्याला मॅडमच्या प्रोजेक्टवर मदतनीस म्हणून लागले.

आता ते सांगते, जे सांगायचं म्हणून खरं तर लिहायला बसले आणि एवढा वेळ टाळत होते.

आंबिया बहारात, म्हणजे थंडी सरतानाच्या फुलोऱ्यात, मॅडमनी त्या मोर्शीच्या आंबट झाडाचा पराग आणून अकोल्याच्या जंबेरीच्या फुलांना लावला होता. एकेक फूल चिमट्यानं उघडून, पिशवी बांधून. त्या दिवसांत सख्ख्या भाच्याचं लग्न होतं, गेल्या नाहीत. "नवरदेव थांबते, फूल नाई थांबत." हे सगळं तीन हंगाम चाललं होतं. पहिल्या वर्षी गारपिटीनं फुलं झोडली, दुसऱ्या वर्षी माकडांनी फळं नेली, तिसऱ्या वर्षी कुठे बिया हातात आल्या. मॅडमच्या रिटायरमेंटला दोन वर्षंही राहिली नव्हती. चौथी संधी नव्हती. बिया ट्रेमध्ये लावल्या, रोपं बोटभर झाली, आणि तेव्हा मी लॅबमध्ये लागून आठवडा झाला होता.

मॅडम दोन दिवस हिवरखेडला घरी गेल्या. मी एकटी. मला वाटलं, काही तरी करून दाखवू. मी ट्रे पाहिले तर, देवा, किती अस्ताव्यस्त! काही रोपं सरळ, एकसारखी. मध्ये मध्ये बारकी, वाकडी, पानं वेगळीच असलेली. नर्सरीतल्या माणसाचे हात अशा वेळी डोक्याला विचारत नाहीत. जंबेरीच्या एका बीतून दोन-तीन कोंब येतात, आणि त्यातले बहुतेक म्हणजे आईची झेरॉक्स. नर्सरीवाल्याला झेरॉक्सच पाहिजे असते, सगळे खुंट सारखे. म्हणून लहानपणापासून आम्हाला एकच शिकवलेलं: वेगळं दिसलं की उपट. माझी बोटं बारीक म्हणून हे काम सात वर्षांची असल्यापासून माझ्याकडे. मी दोन घंट्यांत सगळे ट्रे असे साफ केले की बघत राहावं. वर फोटो काढून बाबांना पाठवला. बाबांचा अंगठा आला आणि खाली "शाबास".

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. ट्रेकडे पाहिलं. मी कौतुकाची वाट पाहत उभी. त्या स्टुलावर बसल्या.

"हे कोन केलं?"

"मी, मॅडम. वेगळी रोपं काढून टाकली. आमच्याकडं..."

आणि तेव्हा, वाक्याच्या मध्यात, मला कळलं. झेरॉक्स म्हणजे नुसती आई. ज्यात मोर्शीच्या झाडाचं रक्त आलं असेल ती रोपं आईसारखी दिसणारच नाहीत. ती वेगळीच दिसणार. तीन हंगाम ज्याच्यासाठी गेले तेच मी निवडून निवडून उपटलं होतं, आणि इतकं नीट उपटलं होतं की नर्सरीत अनाडी असते तर बरं झालं असतं.

"कोठी टाकले?" एवढंच.

"मागं. खताच्या ढिगावर."

मॅडम धावल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी अशी धावताना पाहिली नाही. ढीग कडुनिंबाच्या सावलीत होता, आणि कमलाताईंनी, म्हणजे आमच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुणाऱ्या ताईंनी, आदल्या संध्याकाळी त्याच्यावर ओलं बारदान फेकलं होतं, म्हणून सगळंच संपलं नव्हतं. मॅडमनी अंगातला शर्ट काढला, बादलीत बुडवला, जमिनीवर पसरला आणि एकेक रोप शोधून त्यावर ठेवायला लागल्या. मी रडायला लागले. जोरात.

"रड नंतर. आधी मुळं झाक."

कमलाताई पण बसल्या शोधायला. म्हणाल्या, "मॅडम, मी बारदान टाकलं म्हून बरं झालं का वाईट?" मॅडम म्हणाल्या, "कमला, आज तू देव हायेस. पाय उचल, रोपावर पाय हाय तुहा."

त्रेसष्ट रोपं सापडली. आठवड्यानं त्यातली नऊ जिवंत होती.

पण मॅडमनी तपासली मात्र सगळी. वाळलेलीसुद्धा. मी म्हटलं, मॅडम, मेलेल्यांचं पाहून काय करायचं? म्हणाल्या, "कोन मेलं ते तं समजू दे." वायरमनला फोन, मशीन, मग जेलच्या पातळ थरावर उमटणाऱ्या डीएनएच्या रेघा. आईची रेघ, बापाची रेघ, आणि ती तिसरी, तीळवाली, जी डिंक्याला टिकणाऱ्या झाडांत मॅडमना आधी सापडली होती. मेलेल्यांमध्ये ती रेघ कितीतरी ठिकाणी होती. प्रत्येक वेळी मॅडम पेन्सिलीनं वहीत खूण करायच्या आणि मला वाटायचं, ही पेन्सिल माझ्या पाठीवर चालते आहे. जिवंत नऊमध्ये? दोन. फक्त दोन.

त्या मला ओरडल्या नाहीत. मी वाट पाहिली. रोज सकाळी वाटायचं आज ओरडतील, मोकळं होईल. नाही. मग उन्हाळ्यात प्रोजेक्टच्या तपासणीला बाहेरून साहेब आले, त्यांनी वही चाळली आणि विचारलं, "एवढी रोपं कशानं गेली?" मी मागच्या खुर्चीत. कान गरम झाले. मी उठणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "माह्या चुकीनं. सांगाले पायजे होतं, मी सांगतलं नाई." साहेबांनी जरा ऐकवलं. रिटायरमेंट जवळ आली की लक्ष राहत नाही वगैरे. मॅडम शर्टाची बाही सरळ करत ऐकत बसल्या. बाहेर आल्यावर मी काही बोलणार तर म्हणाल्या, "पानी दिलं का दोघायले?" दोघं म्हणजे ती दोन रोपं.

मेलेल्या बगिच्यांतली रोगट माती पोत्यांनी आणून मॅडमनी एक वाफा केला होता. पावसाळ्यात दोन्ही रोपं त्यात लावली. मार्कर काहीही म्हणो, खरी परीक्षा मातीत. पहिलं रोप पोळ्याच्या सुमारास पिवळं पडून गेलं. रेघ असूनही गेलं. मी म्हटलं, असं कसं? मॅडम म्हणाल्या, "तीळ असला म्हून कोनी अमर होते का?" दुसऱ्या रोपाच्या फांदीच्या कांड्या लावून पाहिल्या, त्या उन्हाळ्यानं खाल्ल्या. उरलं एक. एक उन्हाळा गेला, दुसरा पावसाळा गेला, ते उभं.

मॅडमच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी हॉलमध्ये कार्यक्रम होता. शाल, नारळ, भाषणं. सत्कारमूर्तीच गायब. मला माहीत होतं कुठे असतील. वाफ्यात गुडघ्यावर बसून, नव्या साडीवर तोच शर्ट, बोटांनी माती उकरत होत्या. आणि शेजारी कोण, तर माझे बाबा! हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली संत्र्याची डोळकाडी, म्हणजे जिच्यावरून डोळे काढतात ती फांदी. मला न सांगता मॅडमनीच फोन करून बोलावलं होतं.

"पाह्य," मॅडम म्हणाल्या.

मी वाकले. मुळं पांढरी. एकूण एक तंतू पांढरा, बारीक, ताठ. त्या मातीत, जिथे सगळ्यांची मुळं तपकिरी होऊन हातात सालीसारखी निघून यायची. मी किंचाळले की काय केलं आठवत नाही. मॅडमनी माती परत ओढली, थोपटली आणि म्हणाल्या, "आता याच्यावर संत्रा बांधा लागते. खुंट दनकट असून संत्रा धरत नसन, तं लोकायले काय कामाचा? बांध."

"मी?"

"मंग कोन? माह्या हातानं आजवर एक डोया धरला नाई. तीस वर्षं झाले."

बाबा पुढे झाले. "मॅडम, मी बांधतो ना. एकच झाड हाय. हिचा हात कच्चा हाय अजून."

"तुमी नाई, भाऊ. तिनंच उपटलं होतं, तिनंच बांधू दे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. उपटल्याचं त्यांना मी कधीच सांगितलं नव्हतं. त्यांना तो फोटो आठवला असावा, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि मग त्यांनी चाकू स्वतःच्या धोतराला पुसून माझ्या हातात दिला.

बाबांनी खोड धरलं. मी चीर दिली. साल उचलली. डोळा काढला, सरकवला, पट्टी बांधली. मॅडम पूर्ण वेळ दुसरीकडे पाहत होत्या. हॉलमधून माईकवर त्यांचं नाव पुकारत होते.

तीन आठवडे पट्टी सोडायची नसते; मग डोळा हिरवा निघाला तर धरला, काळा निघाला तर मेला. माझ्यासारखीला तीन आठवडे! मॅडम हिवरखेडला निघून गेल्या, एकदाही फोन नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी मी वाफ्यात बसले आणि पट्टी सोडली. मग फोन लावला.

"बोल."

"मॅडम, सोडली पट्टी."

"हिरवा का काया?"

"हिरवा. एकदम हिरवा. टोक पण फुगलंय."

पलीकडून आवाज आला, नेहमीसारखाच तुसडा.

"त्याले फय याले अजून पाच वर्षं. गोड का आंबट, तवाच समजन. म्हंजे आता पाच वर्षं मले मरता बी येत नाई."